दिंडीची औषधपेटी

मी डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या दिंडीत मला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात आणि कितीही नाही म्हटलं तरी कुणी ऐकत नाही. पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर बसते. लोकांची लघवी, थुंकी, पू, जे येईल ते प्लेटवर पसरायचं, रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायचं आणि सकाळी काय उगवलंय ते बघायचं. सासूबाई माउलींच्या पालखीबरोबर चालतात, त्यांच्यामागून मी दिंडीत आले. पूर्ण वारी मला जमत नाही, रजा मिळेल तसे टप्पे चालते. लॅबमध्ये आहे एवढ्या पात्रतेवर दिंडीची औषधपेटी माझ्याकडे आली. त्याआधी ती एका निवृत्त कंपाउंडरकाकांकडे होती.

पेटी म्हणजे पत्र्याची जुनी ट्रंक. दिंडीच्या ट्रकमध्ये शेगड्या आणि राहुट्यांच्या बांबूंच्या मध्ये तिची जागा ठरलेली. ताब्यात घेऊन उघडली तेव्हा वरच्या थरात पायाच्या फोडांचं सामान होतं: कापूस, पट्ट्या, आयोडीनचं मलम. सुरुवातीचे मुक्काम हाच धंदा असतो. दिवे घाट चढून सासवड गाठलं की अर्धी दिंडी तळपाय वर करून बसलेली. त्याखाली पॅरासिटामॉल, थोडी ओआरएसची पाकिटं. आणि त्याच्याही खाली, अर्धी ट्रंक भरून, अँटिबायोटिक. सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल, ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल, अझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम. कुणी दात्याने, कुणी मंडळाने, कुणी औषध कंपनीच्या ओळखीच्या माणसाने भक्तिभावाने दिलेलं. यातलं काहीही विकत घेताना कायद्याने चिठ्ठी लागते. सेफिक्सिम तर २०१४ पासून शेड्यूल एच-वनमध्ये आहे, म्हणजे दुकानदाराने वेगळ्या वहीत रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ठेवायचं. दिंडीच्या ट्रंकेला कसली वही!

लोणंदच्या मुक्कामाला एक मावशी आल्या. परभणीकडच्या, साठीच्या पुढच्या.

“बाई, लघवीला लई आग व्हायलीय. उन्हाळी लागलीय जनू. एखांदी जोराची गोळी द्या.”

“आधी काही घेतलंत का?”

“घेतलं की. जिथं तिथं देयालेत.”

असं म्हणून त्यांनी कमरेचा बटवा सोडला. त्यात बुक्क्याची डबी, घड्या घातलेल्या दहाच्या नोटा, सुपारीचं खांड आणि कात्रीने कापलेले गोळ्यांचे तुकडे. शिबिरात गर्दी असते, पूर्ण पाकीट कुणाला द्यायचं नसतं, म्हणून वाटणारा दोन-दोन गोळ्या कापून हातावर ठेवतो. कापताना नाव एकीकडे जातं, मुदतीची तारीख दुसरीकडे. एका तुकड्यावर ‘क्सासिन’ एवढंच उरलेलं. दुसऱ्यावर नुसती लाल रेघ. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणारी ही रेघ, २०१६ पासून सरकारने तिचा बराच प्रचार केला. मावशींना ती सजावट वाटली असणार.

हिशोब असा निघाला: सासवडला पांढरी मिळाली, ती दोनदा घेतली, बरं वाटलं म्हणून सोडली. वाल्ह्याला पुन्हा आग सुरू झाली, तिथल्या टेबलावर पिवळी मिळाली. तिसरी कुणी दिली ते आठवेना. “आन् ह्या दोन जाऊबाईसाठी राखल्यात. तिला घरी सारखंच असतंय.”

जाऊबाईसाठी राखलेल्या त्या दोन गोळ्या माझ्या डोक्यातून अजून गेलेल्या नाहीत. वारीहून परतणारा माणूस प्रसाद आणतो, चुरमुरे आणतो, चंद्रभागेचं पाणी आणतो. त्यातच हेही.

लघवीच्या जंतुसंसर्गाला अँटिबायोटिक लागतं, बऱ्याचदा लागतंच. तेव्हा ‘गोळी नको, पाणी प्या’ असं सांगून मी त्यांना वाटेला लावणार नव्हतेच. त्यांना आरोग्य खात्याच्या तंबूतल्या बाईडॉक्टरकडे नेलं, बटव्यातले तुकडे टेबलावर मांडले. डॉक्टरीणबाईंनी, खऱ्या डॉक्टरीणबाईंनी, एकच औषध पाच दिवसांचं मोजून दिलं आणि तुकडे काढून घेतले. मावशींना ते काही आवडलं नाही.

परत येताना मी सहज विचारलं, “मावशी, दिवसात पाणी किती पिता?”

“सकाळच्याला च्या. मंग जेवताना तांब्याभर. वाटंनं पिऊन बसायचं कुठं बाई? समदीकडं गडीमानसं.”

सगळं इथे येऊन थांबतं. लाखो लोक एका रस्त्याने चालतात, त्यात बायका निम्म्याच्या आसपास. मुक्कामाच्या गावी आता फिरते संडास असतात. २०१५ पासून ‘निर्मल वारी’चं काम सुरू झालं आणि उघड्यावर बसणं खूप कमी झालं, हे आमच्या दिंडीतली कुठलीही म्हातारी सांगेल. पण दोन मुक्कामांच्या मधे, विसाव्याच्या जागी, ऐन दुपारी? आणि मुक्कामावरही रात्री अडीच-तीनला उठून रांग लावावी लागते, कारण उजाडल्यावर आत पाय ठेवता येत नाही. दाराला कडी नसते. आत दिवा नसतो. नऊवारी सावरायची, तांब्या धरायचा, दार एका हाताने ओढून धरायचं, आणि पिशवी? पिशवीला खुंटी नसते म्हणून ती बाहेर शेजारणीकडे. या सगळ्यापेक्षा तहान परवडते. मग लघवी तुंबवायची, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आग, आणि पुढच्या चौकात मांडव घालून बसलेले सेवेकरी आहेतच.

आषाढी उरकली की यातल्या काहीजणी आमच्या लॅबमध्ये येतात. स्वतः नाही, त्यांची डबी येते. मॅककॉन्की प्लेटवर ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या गुलाबी वसाहती उगवतात. तो जंतू उचलून दुसऱ्या प्लेटवर एकसारखा सारवायचा आणि वर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवायच्या, प्रत्येक चकती सहा मिलिमीटरची. औषध लागू पडत असेल तर दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. तो पट्टीने मोजायचा. सिप्रोफ्लॉक्सासिनचा गोल २६ मिलिमीटर किंवा जास्त आला तर ‘एस’ लिहायचं, म्हणजे औषध लागू पडतं, २१ किंवा कमी आला तर ‘आर’, म्हणजे लागू पडत नाही. आजकाल सिप्रोभोवती मोजायला काही उरतच नाही. जंतू चकतीला खेटून उगवलेला असतो, गोल शून्य, आम्ही चकतीचेच सहा मिलिमीटर लिहितो. सेफिक्सिमच्या घराण्यातल्या चकत्यांचंही बऱ्याचदा तसंच. नायट्रोफ्युरंटॉइन अजून बऱ्यापैकी टिकून आहे, त्याचा गोल दिसला की मला खरंच बरं वाटतं. हे फक्त वारकऱ्यांचं नाही, कोथरूडच्या बंगल्यातून आलेल्या डबीचंही हेच. वारीने हा प्रकार जन्माला घातला असं कुणी समजू नये.

मग गर्दीचा संबंध काय? दिल्लीची आयआयटी आणि इंग्लंडमधलं न्यूकॅसल विद्यापीठ यांनी २०१२ मध्ये ऋषिकेश-हरिद्वारच्या पट्ट्यात सात ठिकाणी गंगेचं पाणी आणि गाळ तपासला. एकदा फेब्रुवारीत, घाट रिकामे असताना, आणि एकदा जूनमध्ये, यात्रेच्या हंगामात. ते शोधत होते एनडीएम-१ नावाचं विकर (एन्झाइम) तयार करणारं जनुक. हे विकर कार्बापेनेम गटातली, आयसीयूत शेवटी काढायची अँटिबायोटिकं तोडून टाकतं. याच्या नावात नवी दिल्ली आहे म्हणून २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. फेब्रुवारीत वरच्या अंगाचं पाणी चांगलं होतं. जूनमध्ये प्रतिकार करणाऱ्या जनुकांचं प्रमाण जवळपास साठपट झालं. हिमालयाच्या पायथ्याशी. ते आलं माणसांच्या पोटातून. दिल्ली, लखनौ, इंदूर, पुणे, कुठल्या कुठल्या दवाखान्यांतून लोक आतड्यात हे जंतू घेऊन येतात. त्यांना काही होत नसतं, ठणठणीत असतात. गावातल्या मैलापाण्याच्या सोयी गावापुरत्या, पाहुणे कितीतरी पट, राहिलेलं नदीत. त्यातच पुढचा माणूस बुडी मारतो, आचमन करतो, बाटली भरतो.

वर हे जनुक एकाच जंतूला चिकटून राहत नाही. प्लाझ्मिड नावाच्या छोट्या वर्तुळाकार डीएनएवर ते असतं आणि एक जंतू ते दुसऱ्याला देऊ शकतो, दुसऱ्या जातीच्या जंतूलाही. पोटात अँटिबायोटिक पडलं की साधे जंतू मरतात, जागा मोकळी होते आणि प्रतिकार करणारे पसरतात. मावशींच्या पोटात सासवडपासून लोणंदपर्यंत हेच चाललं होतं, तीन वेळा, आणि एकदाही पूर्ण मात्रेत नाही. घाण पाणी जंतू पोचवतं आणि अर्धवट गोळी त्याला आत घर करून देते. यात्रेत दोन्ही एकाच रस्त्यावर भेटतात.

हे लिहिलं की कुणीतरी विचारतंच की आमच्याच यात्रा का दिसतात तुम्हाला. तर हजचं सांगते. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी २०१३ च्या यात्रेकरूंची जाण्याआधी आणि परतल्यावर तपासणी केली. सेफलोस्पोरिनना, म्हणजे सेफिक्सिमच्या घराण्याला, दाद न देणारी सीटीएक्स-एम जनुकं जाताना साधारण दहातल्या एकाकडे होती, येताना तीनातल्या एकाकडे. माणूस मक्केला जावो नाहीतर पंढरीला, आतडं तेच. बाकी यात्रेकरूलाच आरोपी करण्याची सवय जुनी आहे. इंग्रजांच्या कागदोपत्री पंढरपूर पटकीचं घर म्हणून बदनाम होतं, आणि त्यावर उपाय म्हणून यात्रेकरूंवर निर्बंध घालायला अधिकारी नेहमी तयार. पाण्याचं आणि मैल्याचं काय करायचं याला मात्र पैसा नसायचा. म्हणून ‘वारीमुळे रोग पसरतात’ असं वाक्य कुणी माझ्या नावावर खपवलं तर मी भांडेन. चालणारी बाई काय करणार? तिला कडी लागणारं दार द्या, मग बोला.

राग मला खरा येतो तो सेवेच्या टेबलांचा. शब्द कडक आहे, पण तसंच आहे. रस्त्याच्या कडेला मांडव, मागे बॅनर, बॅनरवर पांडुरंग लहान आणि भाऊसाहेब मोठे. टेबलावर गोळ्यांचा ढीग. पुढे माणूस आला की “काय होतंय?” एवढंच विचारायचं. पोट बिघडलंय म्हटलं की नॉरफ्लॉक्सासिन-टिनिडाझोल. घसा म्हटलं की अझिथ्रोमायसिन. अंग दुखतंय म्हटलं तरी तेच, सोबत एक पित्ताची आणि एक ताकदीची. तपासायला वेळ नाही हे मला कळतं, मागे शंभर माणसं उभी असतात. पण मग वाटायला अँटिबायोटिकच का? पावसात भिजल्याने झालेल्या सर्दी-पडशाला त्याचा काडीचा उपयोग नाही. रस्त्यावरच्या जुलाबांपैकी बहुतेक पाणी-मीठ भरून काढलं की आपोआप थांबतात. शौचात रक्त, मोठा ताप, असं काही असेल तर त्या माणसाला टेबलावरून हलवून डॉक्टरपुढे न्यायला हवं, दोन कापलेल्या गोळ्या देऊन नव्हे. सरकारी तंबू आणि १०८ च्या गाड्या पालखीमार्गावर बऱ्याच असतात, दोन-तीन किलोमीटरच्या आत कुठेतरी भेटतातच.

एका मांडवातल्या पोराशी माझी याच्यावरून चकमक झाली होती. चांगला पोरगा, बी. फार्म. झालेला, घरचं खाऊन सेवा करत होता. म्हणाला, “ताई, नुसतं ओआरएस दिलं तर लोक म्हणतात, साखरेचं पाणी देऊन कटवलं.” खोटं नव्हतं ते. आमच्या दिंडीतही ओआरएसचं पाकीट हातात ठेवलं की माणूस पाकिटाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, “आन् गोळी?”

मी त्या वेळी त्याला डॉ. दिलीप महालनबीसांची गोष्ट सांगितली, आता दिंडीतही सांगते. १९७१, बांगलादेश युद्ध, सरहद्दीवर बनगावला निर्वासितांची छावणी, पटकीची साथ. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. या माणसाने पिंपांत मीठ-साखरेचं पाणी कालवून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला सांगितलं. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू चार टक्क्यांच्याही खाली आले. गर्दी, चिखल, माश्या, डॉक्टर मोजके. आपल्या मुक्कामापेक्षा शतपट वाईट अवस्था. तिथे जे चाललं ते तरडगावला चालत नाही काय? माळकऱ्यांना ही गोष्ट आवडते. पखवाजवाले बुवा तर ती आता माझ्यापेक्षा रंगवून सांगतात, त्यात त्यांनी एक नर्सही घातली आहे.

पाण्याचं काम मात्र गोष्टी सांगून होत नाही, तिथे पहारा लागतो. दिंडीचा टँकर कुठल्या विहिरीवर भरला हे ड्रायव्हरलाच माहीत. म्हणून आम्ही टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जवळ ठेवतो, आणि पाण्यातलं क्लोरीन तपासायच्या ओटी टेस्टची छोटी बाटली. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळी झाक आली तर क्लोरीन आहे. आली नाही तर पावडर टाकायची आणि अर्धा तास कुणी तोंड लावायचं नाही. यावरून दिंडीत पहिल्यांदा कुरबुर झाली, पाण्याला वास येतो म्हणून. चोपदारांनी स्वतः पहिला तांब्या प्यायल्यावर मिटली. मला या पावडरीचं एक फार आवडतं. ई. कोलायने सिप्रो पचवलेलं असो, कार्बापेनेम पचवलेलं असो, क्लोरीनपुढे तो साध्या ई. कोलायसारखाच मरतो. टँकरमध्ये मूठभर पावडर जे काम करते ते ट्रंकभर कॅप्सूल करू शकत नाहीत. आपण मात्र संडासाच्या जागी, नळाच्या जागी अँटिबायोटिक ठेवत आलोय, कारण ते स्वस्त आहे, ट्रंकेत मावतं आणि वाटताना फोटो काढता येतो.

संडास बसवला म्हणजेही संपलं नाही. त्या फिरत्या संडासांच्या टाक्या उपसणारी गाडी जाते कुठे? नीट प्रक्रिया केंद्रावर गेली तर ठीक. अंधारात ओढ्याला लावली तर आपण ऋषिकेशचा जून इथे करतोय. नीरेत पादुकांना स्नान घालतात तिथून, ते थेट चंद्रभागेच्या वाळवंटापर्यंत, प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न. २०२७ ला नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. रस्ते, घाट, पूल यांच्या बातम्या रोज वाचते. गोदावरीत जाणारं मैलापाणी किती अडवणार याची बातमी आली की ती मी कापून ठेवते. कात्रणं अजून पातळ आहेत.

आमच्या ट्रंकेपुरतं म्हणाल तर अँटिबायोटिक काढून टाकलं. मुदत न संपलेली, न कापलेली पाकिटं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दिली, बाकीची लॅबच्या जैविक कचऱ्याबरोबर जाळायला गेली. मोकळ्या झालेल्या अर्ध्या ट्रंकेत ओआरएस, लहान मुलांसाठी झिंक, साबणाच्या वड्या, टीसीएल, आणि बायकांसाठी चार्जिंगचे छोटे दिवे. दिंडीप्रमुख आधी नाराज होते. “लोक काय म्हणतील, माउली? पेटीत गोळ्याच नाहीत.” मग त्यांच्याच सूनबाईंनी दिव्यांची बाजू घेतली आणि विषय मिटला.

प्रश्न राहिला दात्यांचा. आमचे एक जुने दाते आहेत, दर वर्षी खोकी पाठवणारे, मनाचे मोठे. यंदा ज्येष्ठ लागताच त्यांचा फोन आला, “ताई, यंदा औषध कुठलं पाठवू? हेवी डोसमधलं काहीतरी सांगा.”

म्हटलं, “काका, औषध नको. कड्या पाठवा.”

“कसल्या कड्या?”

“संडासाच्या दाराला आतून लावायच्या. आणि खुंट्या. आणि जमलं तर एक माणूस पाठवा, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, आमच्या पुढे एक मुक्काम चालणारा.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग ते म्हणाले, “देतो. पण बॅनरवर काय छापायचं?”